दुसरी ओळ

२६ नोव्हेंबर, सोमवार

कपाट आवरताना एक कोरी टाचणवही सापडली. शाळेत दरवर्षी दोन मिळत; एक भरायची, एक उरायची. तारीख, इयत्ता, पाठाचा हेतू, हेतू साध्य झाला की नाही, असे रकाने छापलेले आहेत. तारखेचा रकाना तेवढा कामाचा. बाकीचे ओलांडून लिहीन.

हेतू मात्र नोंदवतो. पाळकसाहेबांनी नाताळच्या उपासनेच्या पत्रिकेसाठी चार ओळी मागितल्या आहेत. काल चर्चच्या दारात माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, फार वर्षांत तुमची कविता नाही." वीस तारखेची मुदत. आज दुपारी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो आणि पहिली ओळ आपोआप आली:

घरी दीप लावा, कुणी येत आहे

भुजंगप्रयात. एक लघू, दोन गुरू, असे चार वेळा, अक्षरे बारा. काठीने जमिनीवर ठोके देऊन तपासली. एक हलका, दोन जड. काठीच्या टोकाला रबरी बूच आहे, त्यामुळे लघू कुठला नि गुरू कुठला हेच कळेना. बूच काढून खिशात टाकले. मग ओळ खणखणीत वाजली.

मधली दीड-दोन वर्षे मी काही म्हणत नव्हतो. विशेष कारण नाही. मुलगा जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षे होतील.

घरात आता तिघे. सूनबाई घरीच मशीनवर शिवते: शाळेचे गणवेश, पडदे, लोकांचे उसवलेले सगळे. नात तिसरीत आहे. तिला मी प्रश्नावली म्हणतो. उत्तर मिळाले तरी ती थांबत नाही.

संध्याकाळी सूनबाईच्या भावाचा फोन आला होता. त्याच्या गावी मोठे घर आहे, शिवणाच्या कारखान्यात जागा आहे, जवळच शाळा आहे. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण घर लहान आहे. "नाताळपर्यंत काय ते सांगते, दादा," असे ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाही, त्यांना असं कुठं नेऊन ठेवायचं नाही." मग तिने दार लोटले.

मी मत देणार नाही. ती छत्तिशीची आहे, पुढे सगळे आयुष्य आहे, आणि इथे तिला मैत्रीण म्हणावी अशी एकही बाई नाही.

ओळ म्हणत असताना खालच्या मजल्यावरून छताला कोणी तरी ठोकले. तीनदा. खाली नवीन बिऱ्हाड आले आहे म्हणतात.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आज खालची बाई वर आली. मी आतल्या खोलीत दुसऱ्या ओळीच्या मागे होतो. दारात उंच आवाज ऐकला आणि डोकावलो. पन्नाशीची, केस विस्कटलेले, हातात झाडू, तोही उलटा, दांडा वर. भाला घेतलेल्या सेनापतीसारखी उभी.

"मी रात्रपाळी करते, इस्पितळात. कळतं का? सकाळी आठला येते, कामं उरकते आणि दुपारी झोपते. म्हणजे झोपायचे. आता नाही झोपत. आता छताकडे बघते."

सूनबाईने क्षणभर माझ्या खोलीकडे पाहिले. म्हणाली, "माझं मशीन आहे हो. जुनं आहे. माफ करा, दुपारचं बंद ठेवीन."

"मशीन?"

"मशीन."

सेनापतीने तिच्याकडे असे पाहिले की वर्गात खोटे सांगणाऱ्या पोराकडे मीही इतके रोखून पाहिले नसेल. मग जिना उतरून गेली.

मला वाईट वाटले. दुपारी मशीन बंद म्हणजे शिवण रखडणार. शेजार असा मिळाला तर कोण इथे राहील? मन शांत करण्यासाठी ओळ चार-पाच वेळा म्हटली. खालून पुन्हा ठोके. मशीन तर तेव्हा बंद होते. बाई रागाच्या भरात असावी.

२ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. हिरव्या फांद्यांचे कडे करून मेजावर ठेवले, त्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिली आशेची. प्रश्नावलीने पेटवली.

"आजोबा, आशा आधी का? प्रीती का नाही आधी?"

"आधी वाट बघायची असते."

"कोणाची?"

"जो येणार त्याची."

"आणि तो रस्ता चुकला तर?"

सूनबाई हसली. हसताना तिचा चेहरा बदलतो हे मी विसरलो होतो.

चर्चमध्ये बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. सगळ्या तिच्याशी हळू आवाजात बोलतात, दंडावर हात ठेवून. तापाच्या माणसाशी बोलावे तसे. ती मान हलवते आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहते. दोन वर्षे तेच चालले आहे. आधी माझ्या लक्षात आले नव्हते.

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारची आठवण केली. आमच्या मंडळीत जुनी रीत आहे. दुसरी मेणबत्ती शांतीची. ज्याच्याशी आपले बिनसले आहे त्याच्या दारी जाऊन यायचे, मगच ती पेटवायची. दार उघडले नाही तर मेणबत्ती तशीच ठेवायची. माझ्या बायकोच्या वेळी एकदा ती नाताळापर्यंत कोरी राहिली होती. भांडण तिच्या बहिणीशी होते, कारण एक कढई.

४ डिसेंबर, मंगळवार

मशीनचे काही तरी मोडले. सूनबाईने ते पिशवीत घालून सकाळीच दुरुस्तीला नेले. दोन दिवस लागतील. घर विलक्षण शांत. दुपारचा संपूर्ण वेळ दुसऱ्या ओळीला दिला.

जरी वाट काळी, जरी रात मोठी

वृत्तात चोख बसते. पण शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावी अशी आहे. खोडली.

नमूद करण्याजोगी गोष्ट: मशीन घरात नसतानाही खालून ठोके आलेच. पाच. त्यावरून असे दिसते की बाईला आता आवाज असो-नसो ठोकायची सवय जडली आहे. एकटे राहणाऱ्यांचे असे होते. सूनबाईला सांगितले तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "असेल, अप्पा."

६ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा भावाचा फोन. या वेळी ती नुसती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "इथं काय आहे म्हणजे? असं विचारलंस तर मला सांगता यायचं नाही." मग फोन ठेवला.

मी खोलीत येऊन खिडकीशी बसलो. दुपारचे ऊन फरशीवर आडवे पडले होते, त्यात धुळीचे कण. वर्गात अगदी असेच ऊन यायचे, फळा पुसला की खडूची धूळ त्यात चढायची. शेवटचा तास कवितेचा ठेवायचो. चाळीस मुले, चाळीस पट्ट्या. मी ओळ म्हणायची, त्यांनी बाकावर ठोके द्यायचे. एक हळू, दोन जोरात. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दार उघडून बघून जायचे. ओळ कोणी बिनचूक वाजवली की मी तोंडाने शाबासकी देत नसे. डस्टर टेबलावर एकदा आपटायचो. एकदाच. तेवढ्यासाठी पोरे जीव टाकायची.

माझा मुलगाही त्या वर्गात होता एक वर्ष. त्याला ठोके जमत नसत. सगळे गुरू.

९ डिसेंबर, रविवार

दुसरा रविवार. दुपारी जेवण झाल्यावर सूनबाईने केस विंचरले, साडी बदलली आणि म्हणाली, "मी खाली जाऊन येते."

"झोपली असेल ती."

"रविवारी सुटी असते तिला. जिन्यात सांगत होती कोणाला."

मी आणि प्रश्नावली दाराशी उभे राहून ऐकत होतो. कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज. सूनबाईचे काही शब्द. मग खालचा आवाज, स्पष्ट: "खरं सांगायला आला असाल तर आत या. मशीनबद्दल बोलायला आला असाल तर मी कामात आहे."

 मग सूनबाई म्हणाली, "मशीनच आहे."

दार लागले.

वर आली तेव्हा चेहरा ओढलेला होता. मी म्हणालो, "बाई चमत्कारिक आहे. सरळ माफी मागायला गेलीस तर खरं-खोटं कसलं काढते?" तिने आशेची मेणबत्ती पेटवली, दुसरीला हात लावला नाही.

प्रश्नावली कड्यावर हनुवटी टेकून बसली होती. "आजोबा, शांती विझली की पेटलीच नाही?"

"पेटली नाही."

"मग विझली त्यापेक्षा बरं ना?"

लिहून ठेवले. मला सुचले नसते.

संध्याकाळी मी हिशेब केला तो असा. सूनबाईला इथे धरून ठेवील असे काही नाही. चर्चमधल्या बायका हळू बोलतात, खालची ओरडते. भावाकडे माणसे आहेत. ती गेली तर मला मुलीकडे जावे लागेल, तिच्याकडे तीन खोल्यांत सहा जण आहेत. किंवा दुसरीकडे कुठे तरी. खिडकी पूर्वेची मिळाली तरी चालेल. दुसरी ओळ आज बघितली नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

सकाळी नऊला सूनबाई पुन्हा खाली गेली. या वेळी न सांगता. शिवण पोचवायला बाहेर जाते तेव्हा हातात डबा असतो; आज नव्हता म्हणून कळले. सव्वा तास आली नाही. मला वाटले, आता भांडण चांगलेच पेटले. काठी घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेलो. खालून ओरडण्याचा आवाज येत होता खरा, पण त्यात मध्येच कोणी तरी हसत होते. कोण हे ओळखू आले नाही.

आली तेव्हा डोळे सुजलेले, नाक लाल. आणि तरी चेहरा धुतल्यासारखा. सरळ मेजाशी गेली, काडी ओढली आणि भर उन्हाचे साडेदहा वाजता शांतीची मेणबत्ती पेटवली.

"अगं, दिवसाउजेडी?"

"रविवारची राहिली होती ना, अप्पा."

"काय म्हणाली ती?"

"ओरडली माझ्यावर." ती खुर्चीवर बसली. "दोन वर्षांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. म्हणाली, स्वतःला काय समजतेस, सगळ्यांचं ओझं वाहायला तू काय हमाल आहेस? नीट जेवत नाहीस, मनगट बघ. चहात साखर किती घालायची ते पण विचारलं नाही, दोन चमचे घातली आणि म्हणाली, पी." ती परत हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली, दोन्ही एकदम. "किती बरं वाटलं, अप्पा."

मशीनचा विषय निघाला का, असे मी विचारले. "निघाला," म्हणाली. "मिटला."

कसा मिटला ते सांगितले नाही. नवे तेल घातले असेल.

१३ डिसेंबर, गुरुवार

दुपारी खालून जड सामान ओढल्याचे आवाज. लोखंडी पलंग असावा. पाऊण तास चालले होते. सेनापती बिऱ्हाड हलवते आहे, असा माझा अंदाज. आठवड्यापूर्वी मला बरे वाटले असते. आज तसे वाटले नाही, कारण कालच मिटले आणि आज बाई चालली, हे सूनबाईला लागेल.

ती त्या वेळी घरी नव्हती, दोरा आणायला गेली होती. आली तेव्हा धापा टाकत होती आणि कोपरापर्यंत धूळ. दोऱ्याच्या दुकानात इतकी धूळ असते हे माहीत नव्हते. दोरा मिळाला नाही म्हणाली.

१६ डिसेंबर, रविवार

तिसरी मेणबत्ती, गुलाबी, आनंदाची. बाई गेलेली नाही. उलट सूनबाईने तिला वर बोलावले होते. मी सदरा बदलून बसलो. झाडूशिवाय ती बरीच लहान दिसते.

प्रश्नावलीने तिला लगेच धरले. "तुम्ही चर्चला का येत नाही?"

"देवाशी माझं बोलणं नाही सध्या."

"का? कट्टी?"

"त्याने सुरू केली."

मला वाटले सूनबाई काही तरी बोलेल, समजूत घालेल. ती म्हणाली, "माझीही होती. मागच्या वर्षी मी नुसती जाऊन बसायची, ओठ हलवायची." हे मी प्रथमच ऐकले. मी तिच्या शेजारीच बसत असतो.

"मग परत बोलणं कोणी सुरू केलं?" बाईने विचारले.

"कळलं नाही. एक दिवस घरात आवाज यायला लागला." एवढे म्हणून ती उठली आणि काडेपेटी बाईच्या हातात दिली. "ही तुम्ही लावा. देवाचं राहू द्या, मेणबत्तीशी तर भांडण नाही ना?"

"मेणबत्तीशी नाही," म्हणत बाईने पेटवली. सवयीने काडी झटकून विझवली, सुई टोचल्यावर कापूस टाकावा तशी बशीत टाकली. मग मला म्हणाली, "मास्तर, कविता कुठवर आली?"

मी थक्क झालो. सूनबाईने सांगितले असावे. म्हणालो, "एक ओळ झाली. दुसरी अडली आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की बाईला ठसका लागला. बायकांच्या हसण्यात आपण पडू नये.

१८ डिसेंबर, मंगळवार

पाच दिवस झाले, खालून एकही ठोका नाही. हवे होते तेच झाले, तरी दुपार मोकळी मोकळी वाटते. ओळ म्हणायची, थांबायचे, खालून काही येत नाही, पुन्हा म्हणायची. आज जरा जोरात देऊन पाहिले. काही नाही.

शेवटी रागवायला का होईना, कोणी ऐकत होते.

२० डिसेंबर, गुरुवार

मुदत संपली. पाळकसाहेबांना म्हणालो, झाली नाही. ते म्हणाले, "असू दे, मास्तर, देवाची वेळ वेगळी." पत्रिका छापून आली आहे. माझ्या चार ओळींच्या जागी वाहने कुठे उभी करावीत याची सूचना आहे. गद्य बरे आहे.

२२ डिसेंबर, शनिवार

आजची नोंद लांबणार.

सकाळी बाईचा निरोप आला: मास्तरांचा रक्तदाब बघायचा आहे, खाली पाठवा. मी म्हणालो, काही गरज नाही. सूनबाई म्हणाली, "जा हो अप्पा, ती ऐकायची नाही." प्रश्नावली माझा हात धरून जिना उतरवायला आली. "काठी राहू द्या आजोबा, मी आहे ना." मला दारापर्यंत पोचवून ती वर पळाली.

बाईचे दार उघडेच होते. दाराला जुना बूट लावलेला, लोटले जाऊ नये म्हणून. मी विचारले, असे उघडे कसे? म्हणाली, "आता असंच असतं. ती येते-जाते. दर वेळी कडी काढायला कोण उठणार?"

तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा लिहून ठेवला. चहा दिला, दोन चमचे साखर, न विचारता. माझ्या शाळेविषयी विचारले. मी सांगत गेलो: शेवटचा तास, पट्ट्या, डस्टर. ती लक्ष देऊन ऐकत होती. समोरची खोली रिकामी होती, फक्त खिडकीखाली फरशीवर चार गोल डाग. पलंगाचे पाय बरेच दिवस असले की पडतात तसे.

तेवढ्यात वर ठोके सुरू झाले.

एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. छत नाही, डोक्याची कवटीच वाजते आहे असे वाटले. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले पातेले बारीक थरथरत होते. बारा झाले. थांबले. पुन्हा बारा. प्रश्नावलीला माझी काठी मिळाली होती, आणि ती माझी नक्कल करत होती. चांगली करत होती.

मी छताकडे पाहिले, मग फरशीवरच्या चार डागांकडे. तो पलंग माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली असणार.

मी म्हणालो, "मशीन नव्हतं तर."

"नव्हतं," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं लोकांच्या छातीचे ठोके ऐकते आहे मी, मास्तर. मशीन कुठलं नि काठी कुठली, मला सांगायला नको. ती बिचारी मशीन पिशवीत घालून जिना उतरताना मी पाहिली, आणि त्या दुपारी वर आपलं ठाक ठाक चालूच! आणि त्यातून थांबायचं कुठं, तर बाराव्याला. मी आपली पडून वाट बघते, आता पुढचं येईल, आता येईल. तुमची दुसरी ओळ येईना म्हणून मला झोप येईना!"

"मग तिने सांगितलं का नाही मला?"

बाईने कप खाली ठेवला.

"तेच विचारलं मी. त्या बुधवारी. म्हटलं, देवळात जाणारी बाई तू, माझ्या तोंडावर खोटं का बोलतेस? तर रडायला लागली. म्हणाली, दोन वर्षं झाली, त्यांनी 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे शब्द काढलेला नाही. आता कविता म्हणायला लागलेत. त्यांना कळलं की त्यांचा त्रास होतो, तर ते बंद करतील आणि मग परत सुरू व्हायचे नाहीत. तुम्ही मशीनला शिव्या द्या, मला द्या, चालेल." तिने नाक पुसले. "मग काय करते? पलंग हलवला. दोघींनी ओढला. ती दिसते बारीक, पण ताकद आहे हो."

चहा निम्मा राहिला. मी म्हणालो, "बाई, मी तुमची क्षमा मागतो. आमच्यात ही दुसऱ्या रविवारी मागायची रीत आहे. मला उशीर झाला."

"चालतं," ती म्हणाली. "रक्तदाब बरा आहे."

वर येऊन खिशातले बूच काठीला बसवले. सूनबाई मशीनवर होती. तिने बूच पाहिले.

२३ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती, प्रीतीची. चारही पेटल्या. आशेच्या मानाने शांतीची बरीच उंच आहे, तीन दिवस मागून आली म्हणून. प्रश्नावली म्हणाली, कापून सारखी करू या. सूनबाई म्हणाली, राहू दे.

संध्याकाळी भावाचा फोन आला. या वेळी तिने दार लोटले नाही. शिवता शिवता, फोन कानाशी खांद्याने धरून बोलत होती.

"दादा, नाही येत आम्ही. नाही, रागावू नकोस. इथंच बरं आहे." मग ऐकले. मग म्हणाली, "कोण म्हणजे? खाली माझी मैत्रीण आहे."

मी दोनदा ऐकले, कारण दादानेही ते दोनदा विचारले असावे.

माझा उल्लेख त्यात आला नाही. बरेच झाले. एका मैत्रिणीसाठी माणसाने गावात राहावे, हे कारण पुरेसे आहे. मी मत दिले नव्हते आणि ते द्यावे लागले नाही.

दिवसभर कविता म्हटली नाही. जेवताना मीठ मागितले, एवढेच. सूनबाईने मिठाची वाटी पुढे केली ती जरा वेळ हातातच धरून ठेवली.

२४ डिसेंबर, सोमवार

दुपारी अडीच. खिडकीशी खुर्ची. काठी मांडीवर आडवी, बूच लावलेले. ऊन फरशीवर. मशीन चालू होते. मनात ठरवले होते की ओळीचा विचारही करायचा नाही. खाली बाईला आज रात्रपाळीला जायचे आहे. पलंग लांब असला तरी झोप ती झोप.

आणि खालून ठोका आला.

हलका. मग दोन जड. हलका, दोन जड. मी बोटांवर मोजले. बारा. भुजंगप्रयात, एकही गुरू चुकलेला नाही. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती. बारा झाले आणि ती थांबली. झाडूचा दांडा छताशी टेकवून, मान वर करून ती उभी आहे, हे मला दिसले.

वाट बघत होती.

मला उघड्या दाराला लावलेला तो जुना बूट आठवला. बूच काढले. ठोके नीट पडले:

जुने दार ठेवा खुले, येत आहे

शेजारच्या खोलीत मशीन थांबले होते. केव्हा थांबले ते कळले नाही.

मी काठी तशीच उचलून धरली. मग छताला ठोका आला. एक. एकच.